आत्या काय बोलली

१२ फेब्रुवारी, बुधवार

सिनेमा आला, आणि मला ते दुसऱ्याकडून कळलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या माद्रिदला नोकरी करते. दुपारी तिचा मेसेज : "मॅम, तुमच्या सोलापूरचा सिनेमा ऑनलाइन आलाय. इथले पेपर त्याच्यावरनं नुसते भांडतायत." मला वाटलं, ती थट्टा करतेय. गोन्सालोने, म्हणजे दिग्दर्शकाने, गळ्यात पडून शब्द दिला होता की मराठी संवादांचं स्पॅनिश तूच करायचंस. नंतर एक ईमेल नाही, काही नाही. मी आपली वाट बघत बसले, पोस्ट-प्रॉडक्शन चाललं असेल म्हणून. मूर्ख.

'समुद्र उजव्या हाताला'. दोन स्पॅनिश भाऊ आईच्या अस्थी घेऊन हैदराबादला एक रिक्षा विकत घेतात आणि समुद्रापर्यंत चालवत नेतात. वाटेत भांडतात, हरवतात, रिक्षा बंद पडते. विनोदी आहे म्हणे. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ते आपल्या जिल्ह्यात आले तेव्हा दुभाषी मी होते. हॉटेलं मी शोधली, परवानग्या मी काढल्या, त्यांना कडक भाकरी मोडायची कशी ते मी शिकवलं. आणि हायवेवरचं चहाचं हॉटेल हवं म्हणाले तेव्हा मोडनिंबच्या पुढचं माझ्या सख्ख्या आत्याचं हॉटेल मीच दाखवलं. श्रेयनामावलीत चैतालीची 'चिताली' झालीय. अगदी शेवटी, जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली.

आत्याचा सीन मध्यावर आहे. भाऊ तिला समुद्राचा रस्ता विचारतात आणि ती बोलत सुटते. वर ब्रास बँडचं जोरदार संगीत. खाली स्पॅनिश अक्षरं : "मला एक नवरा होता. तो देऊन मी म्हैस घेतली. म्हैस बरी. घोरत नाही."

आत्याने आयुष्यात म्हैस पाळलेली नाही.

त्या दिवशी मी सेटवर नव्हते. परवानगीच्या कागदासाठी दिवसभर सोलापुरात बसून होते. आत्याला त्यांनी खुणेनंच सांगितलं असणार, बोला, काहीही बोला.

१३ फेब्रुवारी

स्पॅनिशचे क्लास रद्द केले. सगळी परीक्षणं वाचून काढली.

एकाने चार तारे दिलेत. म्हणतो, म्हैसवाली म्हातारी हेच या सिनेमाचं खरं इंजिन, तिच्यासाठी स्वतंत्र सिनेमा काढा. दुसरा म्हणतो, विनोद जमलाय पण सिनेमा रिक्षासारखाच दर वळणावर बंद पडतो. तिसऱ्याला आत्याच्या डोळ्यांत 'हजारो वर्षांचं हिंदू शहाणपण' दिसलं. आत्याच्या गल्ल्यामागे बाबासाहेबांचा हा एवढा फोटो आहे, तो फ्रेममध्येही आलाय. पण बघायचंच नाही म्हटल्यावर काय दिसणार? इरेने नावाच्या बाईने दोन तारे देऊन झोडपलंय : गरीब देशातली माणसं इथे फक्त हसायला ठेवलीत, ही म्हैसवाली म्हणजे आपल्या आजोबांच्या जमान्यातला विनोद. ही बाई बरी म्हणायची, पण हिलासुद्धा विचारावंसं वाटलं नाही की ती म्हातारी मुळात बोलतेय काय.

मग मी इयरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून तो सीन पुन्हा पुन्हा ऐकला. बँडच्या खाली आत्या आहे. आत्या म्हणते :

"तुमी एवढ्या लांबनं रस्त्यानं आलाय. कुटं दिसला का ओ? उंच हाय, डाव्या पायानं जरा लंगडतो. ट्रकवर असायचा. दिसला तर सांगा, मी रागावलेली न्हाय. पोरगं मोटं झालंय, चिंचोळीला कंपनीत हाय. यायचं नसंल तर नगं येऊ म्हणावं. जित्ता हाईस का, एवढं कळीव."

धोंडिराम मामा, म्हणजे आत्याचा नवरा, घर सोडून गेले तेव्हा त्यांचा रत्नदीप दुसरीत होता, मी चौथीत. ट्रक घेऊन गेले ते आलेच नाहीत. दुसरी बाई केली म्हणायचे लोक. आत्याने दारात उभं राहून मंगळसूत्र काढलं आणि भावकीसमोर सांगितलं, माझ्यासाठी मेला. तेव्हापासून ते नाव कुणी काढायचं नाही. हॉटेलात एका ड्रायव्हरने चेष्टेत काढलं होतं, तर आत्याने त्याच्या हातातला भरलेला ग्लास काढून घेऊन मोरीत ओतला. सगळ्या पट्ट्यात तिचा दरारा आहे तो त्यामुळेच. आणि हीच बाई दोन गोऱ्या नटांना विचारतेय, दिसला का.

लहानपणापासून प्रत्येक सुट्टी मी तिच्याकडे काढली. तिच्याच अंथरुणात झोपायचे. मला कधी एक अक्षर बोलली नाही. असो. तो मुद्दा नाही. मुद्दा गोन्सालोचा आहे. एका बाईच्या दुःखावर म्हैस बसवलीय त्याने.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोडनिंबला जाऊन आले. आत्याला फोनवर सीन दाखवला. पहिल्यांदा म्हणाली, "पदर बगा कसा पडलाय! सांगायचं न्हाय का कुणी?" मग पुन्हा लावायला सांगितला. खूश होती.

मी तिला खालची अक्षरं वाचून दाखवली. वाटलं, आता पेटेल. तर पोट धरून हसली. "म्हैस! बराबर लिवलंय की. म्हैस दूध तरी देती."

मला असला राग आला. म्हटलं, "आत्या, तू काय बोललीस ते मी ऐकलंय."

हसणं थांबलं. उठून ग्लास विसळायला लागली, धुतलेलेच ग्लास. पाठ माझ्याकडे. "गाणं वाजतंय त्यात. काय ऐकू येतंय?"

"इयरफोन लावून ऐकलं."

"मग काड की ते कानातनं," म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे गेली.

बसमध्ये सगळा रस्ता विचार केला. ती घाबरलीय. आपल्यावर अन्याय झालाय हेच तिला कळत नाही, इतकी सवय झालीय. कुणीतरी तिच्या वतीने बोलायलाच हवं. घरात शिकलेली मीच आहे.

१९ फेब्रुवारी

गोन्सालोला लांबलचक ईमेल टाकला. एकही शब्द मऊ केला नाही. सोबत आत्याच्या बोलण्याचं खरं भाषांतर. त्याचं उत्तर चहा उकळायच्या आत आलं. म्हणे, लाज वाटली, रडू आलं, संकलनाच्या घाईत झालं, त्यांच्याकडे तेव्हा मराठी कळणारं कुणी नव्हतं.

कळणारं कुणी नव्हतं! माझा नंबर हरवला होता काय?

तेच भाषांतर इरेनेलाही पाठवलं. म्हटलं, तुम्ही निदान चिडला होतात, आता नीट चिडा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

इरेनेचा लेख आला. अर्धं पान. मथळा : 'म्हैस नव्हतीच'. माझं नाव अचूक छापलंय. आत्याचे शब्द चौकटीत. स्पेनमध्ये गदारोळ चाललाय. चार तारेवाल्याला लोक धारेवर धरतायत, आणि काही जण म्हणतात की विनोदी सिनेमाकडून असली अपेक्षा करणंच चूक.

लेखाचा फोटो आणि मराठीत सगळी हकिगत मी फेसबुकवर टाकली. आत्याचं बोलणं शब्दाला शब्द. आत्ता बघितलं तर शेअरवर शेअर चालू आहेत. कॉलेजचे सर, पुण्याच्या मैत्रिणी, ओळख ना पाळख असली माणसं. एकीने लिहिलंय, 'तुझ्यासारखी भाची प्रत्येकीला मिळो.' डोळ्यात पाणी आलं.

४ मार्च

इथल्या एका दैनिकाच्या पोराने फोनवर माहिती घेतली होती. आज छापून आलं, आत्याच्या फोटोसकट. 'हायवेवर आजही ती वाट पाहते...' तीन टिंबांचा राग आला, बाकी मजकूर बरा आहे. आत्याला दोनदा फोन लावला. उचलला नाही. गर्दी असेल.

९ मार्च, रविवार

सकाळी रत्नदीप आला. जयभीम नाही, पाणी नाही, चप्पल घालूनच हॉलमध्ये. हातात तो पेपर.

"ताई, ह्ये तू दिलंस?"

मी म्हटलं, हो, आणि अभिमानानं दिलं. तुझ्या आईची जगभर थट्टा चाललेली, ती मी थांबवली.

"जगभर कोण वळखतंय तिला? आता गावात चाललीय की. काल एक ड्रायव्हर म्हणाला, मावशी, आजून वाट बगताय व्हय? आणि आईनं ग्लास नाय ओतला. नुसती आत गेली. समजतंय का तुला? आत गेली!"

मी सांगू लागले की तिने भावना दाबून ठेवल्या होत्या वगैरे. त्याने पेपर टेबलावर आपटला आणि खाली बसला. मग म्हणाला, "त्यो मेलाय."

"कोण?"

"बाप माझा. विजापूरला होता. इंडी रोडला पंक्चरचं दुकान. एका ड्रायव्हरनं खूण सांगितली म्हणून जाऊन बघून आलो, लई वर्षं झाली. गाडीत हवा भरून घेतली त्याच्याकडनं. वळखलं नाय त्यानं. मी बी काय बोललो नाय, आलो माघारी. पुन्हा एकदा गेलो तर दुकान बंद. शेजारचा म्हणाला, दिवाळीत वारला. तुजी ती शुटिंगवाली माणसं यायच्या आदी."

म्हणजे आत्या ज्याच्याबद्दल दिसला का विचारत होती तो तेव्हा...

मी ओरडले त्याच्यावर. एवढी वर्षं तोंड शिवून बसलास? आईला सांगायचं नाही?

"काय सांगायचं? तिनंच शिकवलं मला, त्यो मेला म्हणून. नाव काडलं तर जेवायची नाय. मला वाटलं, थुकंल ती. ती वाट बगत आसंल ह्ये मला पेपरात वाचून कळायचं व्हय?" आणि मग एकदम आवाज चढवून, "आता तूच चल. तूच सांग. सगळ्या दुनियेला सांगत सुटलीस, ह्ये बी सांग!"

दुपारी दोघं मोडनिंबला पोचलो. आत्याने मला बघितलं आणि हातातलं फडकं भिरकावलं.

"आलीस? कुणाला घिऊन आलीस आज? कॅमेरा कुटं हाय?"

"आत्या, मी तुझ्या बाजूनेच..."

"माझ्या बाजूनं? म्या तुला बोलले व्हते? त्यांला कळत नव्हतं म्हणून बोलले! त्या गोऱ्या पोरांला एक शबूद कळत नव्हता माझा. मनातलं भाईर काडलं, हलकं झालं, ती गेली त्यांच्या वाटंनं. त्यांनी म्हैस लिवली, बेस झालं! तुला कुणी सांगितलं व्हतं कान लावायला?"

गिऱ्हाइकं बघत होती. बोलायला रत्नदीपच पुढं झाला. तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं. विजापूर, हवा भरलेली, दिवाळी.

आत्या चहा गाळत होती. गाळत राहिली. ग्लास भरून वाहायला लागला तेव्हा थांबली.

"बाई हाय का त्याची?"

"हाय."

"उद्या सुट्टी घे," ती म्हणाली. "गाडी बग कुणाची मिळती का."

मला ये म्हणाली नाही. नको येऊ असंही म्हणाली नाही.

१० मार्च, सोमवार

मित्राची ओम्नी. रत्नदीप चालवत होता, आत्या पुढे, मी मागे स्टेपनीशेजारी. हॉटेलाचं शटर आत्याने स्वतः ओढलं. ते दिवसा बंद असलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मंगळवेढ्याच्या पुढे रत्नदीप एक वळण चुकला आणि दोघांचं जुंपलं. हिकडनं, नाय तिकडनं, तुला काय म्हाईत, तू कवा आलीस हितं. ज्वारीच्या रानात गाडी घालून फिरवून आणावी लागली. एरवी मला हसू आलं असतं.

दुकान बंद, पण मागे घर आहे. साठीची एक ठेंगणी बाई बाहेर आली, शरणम्मा तिचं नाव. "बर्री, बर्री," करत, या या म्हणून खुणावत तिने सतरंजी टाकली. टायरचं मशीन घ्यायला आलेली माणसं वाटलो तिला. भिंतीवर हार घातलेला फोटो. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली.

"म्हातारा झाला व्हता," एवढंच म्हणाली.

शरणम्मा म्हणाली, "मला मराटी थोडं येतंय, त्येनी शिकिवले. तुमी कोण?"

"मी ह्यांची बायकू."

शरणम्माने आत्याकडे पायापासून वरपर्यंत बघितलं. मग रत्नदीपकडे. त्याचं नाक, कपाळ फोटोतलंच आहे. ती मटकन खाली बसली.

"बायको मेली म्हणून सांगितले. पोरगं बी मेलं. तापानं, दोगं एकदम. दर साली त्या दिवशी जेवायचे नाई. मी बी जेवायची नाई. तुमच्यासाटी उपास धरले मी, एवडे वर्षं!"

मला वाटलं, आत्या आता रडेल. तिच्या खांद्यावर हात ठेवायला मी पुढेही झाले. तिने तो झटकला.

"मला मारलंस ते मारलंस," ती फोटोला म्हणाली. आवाज असा की शेजारचे दारात आले. "म्या बी तुला मारलाच व्हता गावात. फिटंफाट. पर पोराला? जित्त्या पोराला मारलंस? हवा भरून घिऊन गेला तुझ्याकडनं, भाड्या! आन् म्या रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड इचकून इचारत बसले, दिसला का, दिसला का!"

शरणम्मा उठली. मला वाटलं, हाकलणार आम्हाला. तिने स्टूल ओढलं, वर चढली, फोटो काढला आणि तोंड भिंतीकडे करून जमिनीवर ठेवला. मग कन्नडमध्ये सुरू झाली. मला त्यातलं काही कळत नाही. पण शिव्या असणार, कारण दारातल्या बायका पदर तोंडाला लावत होत्या. तिचा दम संपला की आत्या मराठीत. आत्याचा संपला की ती. मधेच शरणम्माने चूल पेटवली, शिव्या देत देतच भाकऱ्या थापल्या, आणि आम्ही जेवलो. आत्या तीन भाकऱ्या जेवली.

निघताना तिने शरणम्माला नंबर दिला. "हाटेल हाय माजं. रस्त्याला लागूनच. ये."

गाडीत बसल्यावर, माझ्याकडे न बघता : "त्या तुझ्या गोऱ्याला सांग. ते काडून टाक म्हणावं, माझं बोलणं. म्हैस ठिव न्हाय तर हत्ती ठिव. मी बोलले त्ये आता खरं न्हाय."

१७ मार्च

गोन्सालोला तसं कळवलं, विनवणी करून. तो आता हसतच नाही, गंभीर झालाय. नवीन प्रत तयार झालीसुद्धा : बँड काढला, आत्याचा आवाज वर आणला, खाली माझं भाषांतर. एका महोत्सवाने ती मागितलीय. "चैताली, तूच तर सत्य मागितलंस," असं लिहितो. आणि आत्याने सही केलेला संमतीचा कागद जोडलाय. त्या कागदाचं मराठी करून तिला वाचून दाखवणारी मीच.

फोनवर किंचाळले त्याच्यावर, मराठीत. त्याला एक शब्द कळला नाही.

२० एप्रिल, रविवार

नवीन प्रत आली. तीच माणसं पुन्हा लिहितायत. चार तारेवाला माफी मागून पाच तारे देऊन बसलाय. म्हणे, हसता हसता काळीज चिरतं. इरेनेने एकच तारा दिला : दिग्दर्शकाने आता गरिबाचं दुःखही विकायला काढलं. तिसरा म्हणतो, आधीचा सिनेमा निदान मजेदार तरी होता. सगळ्यांचा एकेक मुद्दा बरोबर आहे आणि सगळे मला सारखेच असह्य झालेत. आत्या आता वाट बघत नाही, असं सकाळपासून चार वेळा लिहिलं आणि पुसलं.

शेवटी उठून मोडनिंबला गेले. विजापूरहून आल्यानंतर पहिल्यांदाच. आत्याने मला चहा दिला, पण गिऱ्हाइकाला देते तसा. समोर ठेवून निघून गेली. रत्नदीपची सुट्टी होती, तो गल्ल्यावर होता. मान हलवली त्याने, एवढंच. आत मोरीपाशी शरणम्मा भांडी घासत, आत्याशी कशावरून तरी कडाकडा भांडत होती. परवा आलीय म्हणे, राहायला.

मी बसले होते तेवढ्यात पुण्याची एक मोटार थांबली. नवराबायको, चाळिशीतले, सुती कपड्यांतले. बाई थेट आत गेल्या आणि आत्याचे ओले हात हातात घेतले. डोळे भरलेले.

"आजी, आम्ही तुमचा सिनेमा पाहिला. तुमची वाट पाहणं... आम्हाला बोलायलाच सुचत नाहीये."

आत्याने हात सोडवून घेतले. "मग बोलू नगा. चा घ्येनार का? न्हाय तर गाडी तिकडं लावा, टँकरला वळायला जागा न्हाय."

त्या ओशाळून बाकावर बसल्या, माझ्या शेजारी. जरा वेळाने मला हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याने चुलीपासूनच उत्तर दिलं, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं :

"भाची हाय माजी, भावाची लेक. तिच्यापुढं काय बोलू नगा बाई. लिवून घिती."

सगळे हसले. शरणम्मासुद्धा. मी चहा संपवला, ग्लास उचलला आणि मोरीवर जाऊन, तिने सांगितलेलं नसताना, बाकीचेही विसळत उभी राहिले.